धाकटीला पाहुणी व्हायचं होतं

तो फोन आधी खाली ठेव बघू. सकाळपासून तुम्हा दोघांचं तेच चाललंय. तुझा नवरा बघतो, मग तू बघतेस, आज पैसा वर गेला का खाली आला, तिकीट आज काढावं का उद्या. परदेशात फिरायला निघालात का जुगार खेळायला, तेच मला कळेना. ठेव तो, आणि कागद घे. मला लिहिता आलं असतं तर तुझ्या पाया पडले नसते. तुझ्या धाकट्या आजीचं सांगायचंय. तिला तू बघितलंस, पण तेव्हा तू एवढीशी होतीस, तिच्या मांडीवर बसून दुकान-दुकान खेळायचीस. त्या बाईचा सगळा जन्म ह्याच वर-खालीत गेला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या लहान दिराची बायको. सासूबाई तिला धाकटी म्हणायच्या म्हणून आम्ही म्हणायला लागलो, पुढं तिच्या कामावरही तेच सुरू झालं. केस पांढरे झाले, दात पडले, तरी बाई आपली धाकटीच. आमच्या दोन खोल्या खाली आणि त्यांच्या दोन वर. तिची पावलं माझ्या छतावर वाजायची. घाईघाईनं वाजली की कामाची वेळ झाली, सावकाश वाजली की नवऱ्याशी बोलणं बंद आहे, एवढं मला खालून समजायचं.

ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होती. हॉटेल वर, लाँड्री तळघरात. खिडकी नाही, भिंतीवर पाण्याचे ओघळ, एका अंगाला धुवायची यंत्रं घरघरतायत, मधे मोठे रोलर, त्यात दोघी जणी चादरी सोडतायत आणि पलीकडून दोघी ओढून घेतायत. धाकटी कोपऱ्यातल्या प्रेसवर. प्रेस म्हणजे आपली हातातली इस्त्री नव्हे गं. टेबलाएवढी गादी, आणि वर तेवढंच झाकण. कपडा पसरायचा, दांडा ओढायचा, झाकण खाली येतं, फुस्स करून वाफ सुटते, झाकण वर, की अभ्रा असा कडक की त्यावर पाण्याचा पेला ठेवावा. दिवसभर तेच. तिच्या हातांना कोपरापर्यंत भाजल्याचे पट्टे होते, जुने पांढरे, नवे लाल. आणि सवय अशी लागलेली की तुमच्याशी बोलता बोलता तुमच्या बाहीवरची चुणी तळहातानं सपाट करायची. भांडायची तेव्हाही करायची. मी म्हणायचे, अगं भांडतेस का इस्त्री करतेस, एक काहीतरी ठरव.

इतकी वर्षं त्या हॉटेलात काढली, पण वरचा एक पाहुणा तिनं कधी डोळ्यांनी बघितला नाही. पाहुण्यांची ओळख तिला डागांवरून. हा कॉफी सांडतो, ही रडते, काजळ उशीला लागतं, हे नवराबायको एका पलंगावर झोपत नाहीत. सगळं सांगायची आणि हसायची.

आणि माझा दीर, तो परदेशी नोटा बदलायच्या दुकानात होता. नोटा बदलणारे काचेच्या आत बसायचे, हा काचेच्या बाहेर. दुकानावर मोठा फळा होता, त्यावर खिळे, आणि खिळ्यांना अडकवायच्या पत्र्याच्या पाट्या, एकेका पाटीवर एकेक आकडा. सकाळी मालक आतून आकडे सांगणार आणि हा स्टुलावर चढून पाट्या बदलणार. त्यांच्या एका नोटेला आपले किती. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. सगळे लोक त्याला आकडेवाले म्हणायचे आणि शिव्याही त्यालाच द्यायचे, जसं काही हाच घरून भाव ठरवून आणतो. एका माणसानं तर त्याच्या स्टुलाचा पाय धरून ठेवला होता, म्हणे, जुनी पाटी परत लाव मगच उतर.

आता तिचं काय होतं ते सांगते. एकदा दुपारी आम्ही दोघी माझ्या दारात बसून धान्य निवडत होतो. ती गप्प होती, आणि धाकटी गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय. मग म्हणाली, “ताई, मला एकदा पाहुणी व्हायचंय.”

मी म्हटलं, कोणाकडं?

“कोणाकडंच नाही. हॉटेलात. दुसरीनं इस्त्री केलेल्या चादरीवर झोपायचं. आणि सकाळी उठून ती तशीच चुरगळलेली टाकून जायचं. घडी घालायची नाही.”

मी हसले. म्हटलं मग जा की तुझ्याच हॉटेलात, एक रात्र पगारातून कापून घेतील. तर म्हणाली, छे, तिथं झोपले तर मला डोळ्यांसमोर दिसेल चादर कोणी ओढली, कोणाचा हात दुखत होता. गावातल्या बाकीच्या हॉटेलांतही तेच, सगळ्या लाँड्र्यांतल्या बायका ओळखीच्या. तिला जायचं होतं समुद्रापलीकडं, जिथून तिचे पाहुणे यायचे त्या देशात. नवऱ्याच्या फळ्यावर पहिल्या ओळीत ज्या देशाची नोट होती, तोच. चार दिवस जायचं, तळ्याकाठी बसायचं, झोपायचं, यायचं. तिथल्या लाँड्रीतली बाई कोण, कशी, काही माहीत नको.

मी थट्टेनं म्हटलं, एवढंच आहे तर मी करते इस्त्री, माझ्याकडं झोप. तिनं माझ्याकडं असं बघितलं, म्हणाली, “ताई, तुमची इस्त्री? तुम्ही चादर इस्त्री करता का तिला शिक्षा करता?”

मग दोघांनी मनावर घेतलं. दीर तसा मुलखाचा चिकट, पण बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मूलबाळ नव्हतं, दोघांचा पगार. एका सहली काढणाऱ्या माणसाकडं जाऊन आले. त्यानं चहा पाजला, तळ्याची चित्रं दाखवली, आणि म्हणाला हप्त्यानं भरा. हे भरायला लागले. तुझे आजोबा रोज संध्याकाळी जिन्याखालून ओरडायचे, “काय धाकटे, विमान आलं का छपरावर?” आणि ती वरून म्हणायची, “आलंय, पण तुमच्या घोरण्याला घाबरून उतरत नाही.”

पण त्या सहलीवाल्याचा भाव होता त्यांच्या पैशांत आणि हप्ते होते आपल्या पैशांत, ही मेख आम्हाला कोणालाच कळली नव्हती. शेवटचा हप्ता यायच्या सुमारास आपला पैसा पडला. दिरानं स्वतःच्या हातानं पाट्या बदलल्या, रोज एक वरचा आकडा. सहलीवाला म्हणाला, सहल आता महाग झाली, फरक भरा. हे म्हणाले थांबा, भरतो. भरेपर्यंत आणखी वर. हे पळतायत आणि सहल पुढं पळतेय. शेवटी त्यानं स्वतःचा खर्च कापून घेतला आणि उरलेले परत दिले. तेव्हा धाकटी म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि स्वतःचं नाक दाबून दाखवलं. तिचं नाक होतंच तसं बसकं. आम्ही हसलो. हसायला काय जातं, पहिलीच वेळ होती.

गंमत बघ आता. पैसा पडला आणि तिच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा उरली नाही. तळघरात चादरींचे ढीग, जादा वेळ, सुट्टी नाही. एवढा पगार तिला आयुष्यात मिळाला नव्हता. तिला वाटलं, चला, आता भरून निघेल. तर नवऱ्यानं एका जेवणात तिला समजावून सांगितलं. मी तिथंच होते. त्यानं भाताचा डाव उचलला आणि ताटाच्या काठावर आडवा ठेवून एका बाजूनं दाबला.

“आपला पैसा पडला की त्यांना इथलं सगळं स्वस्त. म्हणून ते येतात, म्हणून तुला काम. आणि त्याच कारणानं तिथलं सगळं आपल्याला महाग. ही बाजू खाली गेली की ती वर जाणार.”

“आणि आपला पैसा चढला तर?” तिनं विचारलं.

“तर तिथलं स्वस्त होईल. पण मग ते इकडं कशाला येतील? हॉटेल रिकामं, आणि तू घरी.”

तिनं डावाची दुसरी बाजू दाबून बघितली. मग म्हणाली, “म्हणजे ज्यामुळं ते येतात, त्यामुळंच मी जाऊ शकत नाही.” त्यानं मान डोलावली. इकडं आड आणि तिकडं विहीर, दुसरं काय. आणि पुढं झालंही तसंच. दोन-तीन वर्षांनी आकडा खाली उतरला तेव्हा हॉटेलवाल्यांनी लाँड्रीतल्या अर्ध्या बायकांना घरी बसवलं, धाकटीला एक दिवसाआड बोलवायला लागले. सहल स्वस्त, आणि पदरात काही नाही. मग पुन्हा वर. दीर संध्याकाळी जिना चढायचा तेव्हा ती वरूनच विचारायची, “वर का खाली?” आणि तो वर म्हणाला तर आनंद मानायचा का खाली म्हणाला तर, हे त्या घरात कोणालाच ठरवता आलं नाही.

धाकटी काही शिकलेली नव्हती, माझ्याइतकीच. पण डोकं चालवायची. तिनं ठरवलं, ह्या भावाला मधे घ्यायचंच नाही. हॉटेलात काय व्हायचं, पाहुणे जाताना उशीवर बक्षिसी ठेवायचे, त्यांच्याच देशाची नोट. खोल्या झाडणाऱ्या मुली त्या नोटा घेऊन खाली धाकटीकडं यायच्या, कारण तिचा नवरा नोटांच्या दुकानात. तो त्या बदलून आणायचा. आता त्या दुकानाची रीत अशी, की परदेशी नोट कोरी पाहिजे. घडी पडलेली, चुरगळलेली, मळलेली असली की भाव कमी द्यायचे, नाहीतर घ्यायचेच नाहीत. आणि बक्षिसी तर सगळी चुरगळलेलीच, कोणी खिशातून बोळा काढून ठेवलेली. म्हणून धाकटी त्या नोटांना इस्त्री करायची. प्रेसवर नोट पसरायची, वर ओलं फडकं, दांडा ओढला, फुस्स, की नोट टाकसाळीतून आत्ता आली. दुकानातल्या काचेमागच्या लोकांनीही कधी ओळखलं नाही. मुली म्हणायच्या, धाकटीमावशी मेलेल्या नोटेत जीव घालते.

तर तिनं काय केलं, मुलींना त्या दिवसाच्या भावानं आपले पैसे द्यायचे आणि त्यांची नोट स्वतःकडं ठेवायची. म्हणाली, ताई, त्यांची नोट त्यांच्या देशात नोटच असते. फळ्यावर काही का लागेना, माझी तिथली एक रात्र म्हणजे एक रात्रच राहील. तिकिटापुरते आपले पैसे लागतील, राहणं-खाणं सगळं ह्या नोटांत. मला तिचं पटलं. तुझ्या आजोबांनासुद्धा पटलं, आणि त्यांना बायकांचं काही पटणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.

अशा नोटा कित्येक वर्षं साठवल्या. बिस्किटाच्या डब्यात, अभ्र्यात गुंडाळून. इस्त्री केल्याशिवाय एक नोट आत गेली नाही. कधी मला दाखवायची, पत्त्यांसारख्या फटाफट मोजायची, मग परत गुंडाळायची. मधे दिराचा पाय मोडला, स्टुलावरून पडला, औषधपाणी झालं, तिनं कानातलं विकलं पण डब्याला हात लावला नाही. मी तेव्हा तिला बोलले, नवऱ्यापेक्षा नोटा जड झाल्या का? तिनं माझी बाही सपाट केली. नवराच म्हणाला, वहिनी, डबा राहू द्या, मलाही चार दिवस कोणीतरी उठू नका म्हणायला पाहिजे.

मग एक दिवस तो दुकानातून बातमी घेऊन आला. त्या देशानं जुन्या नोटा बंद करायचं ठरवलंय, नव्या काढल्यात. ठरलेल्या तारखेपर्यंत जुन्या द्यायच्या, नव्या घ्यायच्या. धाकटीचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, घाबरू नकोस, मालक करून देतो म्हणालेत, थोडं कापून. डबा घेऊन तो गेला. काही आठवडे ती रोज विचारत होती. वर का खाली नाही, आल्या का, एवढंच.

आल्या. मालकानं बाहेरून मागवून दिल्या. दिरानं पुडकं तसंच आणून तिच्या हातात दिलं, मधोमध दुमडलेलं, वर रबर लावलेलं. तो आयुष्यभर काचेच्या बाहेर उभा राहिलेला माणूस. आकडे त्यानं लाखो अडकवले, पण नोट कशाची, कशी, हे पारखायचं काम त्याचं नव्हतं. तिनं रबर काढलं तर नोटा गुळगुळीत, मासोळीसारख्या हातातून निसटणाऱ्या, आणि मधून वळलेल्या. कितीही दाबल्या तरी परत कमान करून बसायच्या. मी हातात घेऊन बघितली, मला आवडली नाही, म्हटलं ही कसली नोट, पिशवीच्या कागदासारखी. ती म्हणाली, नवीन फॅशन असेल.

ह्या वेळी सगळं जमलं होतं बघ. आकडा मधल्या जागी, ना फार वर ना फार खाली. हॉटेलात काम होतं आणि तिकीटही आवाक्यात होतं. दोघांनी तिकिटाचे पैसे भरले. व्हिसासाठी फोटो काढले, त्यात दीर असा दिसत होता की जणू त्याला कोणी चोरी करताना धरलंय. धाकटीनं नवी चप्पल घेतली आणि घरातल्या घरात घालून हिंडायची, माझ्या छतावर टकटक टकटक. मी खालून म्हणायचे, अगं चप्पल इथंच झिजवशील.

फक्त त्या वळलेल्या नोटा तिला खुपत होत्या. म्हणाली, अशा दुमडलेल्या नोटा तिथल्या हॉटेलात पुढं केल्या तर काय म्हणतील? भाव कमी देतील. मी म्हटलं, अगं त्यांचीच नोट, ते कशाला कमी देतील? पण तिनं सगळा जन्म हेच ऐकलेलं, घडी पडली की किंमत गेली. तिनं डबा कामावर नेला.

आता हे तिनं मला सांगितलं तसं सांगते. दुपारी बाकीच्या चहाला गेल्या. तिनं प्रेसच्या गादीवर नोटा मांडल्या, एकीला लागून एक, पत्ते मांडतात तशा, पूर्ण गादीभर. एवढ्या मावल्या सगळ्या. एकेक केली असती तर पहिलीवरच कळलं असतं. पण ती होती लाँड्रीतली सगळ्यांत झटपट बाई, एका ओढीत चार अभ्रे करणारी. एकेक कशाला करेल? वर ओलं फडकं टाकलं, काठ सारखे केले आणि दांडा ओढला. फुस्स. झाकण उचललं, फडकं उचललं.

गादीवर नोटा नव्हत्या. बाहुलीच्या नोटा होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, जाड, कडक. वाळलेल्या पानासारख्या आक्रसलेल्या. पण चित्र तेच, माणसाचं तोंड तेच, आकडाही तोच, नुसतं सगळं चिमुकलं झालेलं. नव्या नोटा कागदाच्या नव्हत्याच गं. प्लास्टिकच्या होत्या. कोण सांगणार तिला?

तिनं आरडाओरडा केला नाही. त्या चिमुकल्या नोटा वेचल्या, डब्यात भरल्या, आणि राहिलेले अभ्रे केले. लाँड्रीची मुकादमीण मला पुढं भेटली तेव्हा म्हणाली, आम्हाला त्या दिवशी काही कळलंसुद्धा नाही, एक अभ्रा वाकडा गेला नाही.

घरी आली ती वर गेलीच नाही. माझ्या दारात उभी राहिली आणि डबा पुढं केला. “ताई, हे बघा.”

मी आत बघितलं. मला वाटलं कुठल्या पोरासाठी खेळणं आणलंय. म्हटलं, छान आहेत, कुठून घेतल्यास?

ती तिथंच खाली बसली. उंबऱ्यावर. मला कळायला वेळ लागला. मी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही. जिन्यावर दिराची पावलं वाजली तशी ती म्हणाली, तुम्ही सांगा. पण सांगावं लागलंच नाही. त्यानं डबा बघितला, एक नोट उचलली, उजेडाकडं धरली. कितीतरी वेळ धरली. मग तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला.

“ओलं फडकं ठेवलं होतंस?”

“ठेवलं होतं.”

“मग तुझं काय चुकलं?”

एवढंच बोलला तो. पुढं कधी त्या गोष्टीवरून तिला लावून बोलला नाही. पण तो बोलला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. भांडण झालं असतं, तिनं त्याच्या बाहीवरची चुणी काढली असती, काहीतरी निचरा झाला असता.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन मालकाकडं गेला. काचेमागचे सगळे उठून बघायला आले. एक जण हसला, मालकानं त्याला दटावलं. मग मालक म्हणाले, इथं ह्याचं काही होणार नाही. पण त्या देशाच्या मोठ्या बँकेत स्वतः जाऊन दाखवल्या, अर्ज केला, तर कदाचित बदलून देतील. तो घरी येऊन आशेनं सांगायला लागला. धाकटीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तिथं जायला नोटा पाहिजेत, आणि नोटा पाहिजेत तर आधी तिथं जा.” आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि धुपाटणंही बाहुलीचं.

नुसतं तिकिटावर जाणार कसे? रस्त्यावर झोपणार? मी म्हटलं, आम्ही थोडे घालतो. तुझ्या आजोबांनीही स्वतःहून आपला पैशांचा डबा उघडला, माणूस वाईट नव्हता. पण आमचे आपले पैसे घेऊन बदलायला जावं तर आकडा पुन्हा वर चढायला लागलेला. आमच्या मदतीत तिथल्या दोन रात्री धड होईनात. शेवटी तिकीट रद्द केलं, त्यातही कापलं. नवी चप्पल तिनं कामावर घालायला काढली. वाफेनं तिचे तळ सुटले.

तिनं परत साठवायला घेतलं नाही. मुली बक्षिसीच्या नोटा घेऊन यायच्या त्यांना सांगायची, आता इस्त्री चालत नाही, दुसरीकडं बघा. संध्याकाळी दीर जिना चढायचा, ती विचारायची नाही, आणि तोही सांगायचा नाही. मला खाली त्या जिन्यावर नुसती पावलं ऐकू यायची, त्यांत मधला सवाल नसायचा. कानाला चुकल्यासारखं व्हायचं.

मग आला तो आकडा. तू तेव्हा चालायला लागली होतीस. आपला पैसा असा चढला, असा चढला, की फळ्यावर कधी लागला नव्हता एवढा खालचा आकडा दिरानं स्वतः स्टुलावर चढून लावला. दुकानाबाहेर रांगा. आपल्या गल्लीतले लोक परदेशात फिरून आले, ज्यांना बाजारात जायचा कंटाळा तेसुद्धा. समोरच्या शिंप्याची सून तळ्याकाठचे फोटो घेऊन आली आणि धाकटीला दाखवायला वर गेली. धाकटीनं सगळे बघितले, एकेक. विचारलं, चादरी कशा होत्या? ती म्हणाली, अहो चादरीकडं कोण बघतं.

आणि डावाची दुसरी बाजू वर गेलीच. हॉटेल ओस पडलं. ह्या वेळी त्यांनी एक दिवसाआडसुद्धा बोलावलं नाही. तळघरातली लाँड्रीच बंद केली, धुणं बाहेरच्या कारखान्यात द्यायला लागले. धाकटी एक पिशवी घेऊन घरी आली, त्यात तिचं ओलं फडकं आणि झिजलेली चप्पल. दिराला तो आकडा मी विचारला होता. त्यानं सांगितला, आणि म्हणाला, “वहिनी, एवढी वर्षं वाटायचं, ही पाटी लावायची वेळ आली की मी आधी घरी पळत येईन. आज लावली. खाली उतरलो, स्टूल आत ठेवलं.”

घरी बसल्यावर ती तुला सांभाळायची. तू ज्या चिमुकल्या नोटांनी दुकान-दुकान खेळायचीस ना, त्या ह्याच. तू त्या घेऊन तिला साबण विकायचीस, चॉकलेट विकायचीस. एकदा तू म्हणालीस, धाकटी आजी, मोठ्या नोटा दे, ह्या फार छोट्या आहेत. ती म्हणाली, मोठ्याच आहेत बाळा, लांबून बघतोय म्हणून छोट्या दिसतात. तुला पटलं.

शेवटचं एवढं लिही आणि मग ऊठ. तिला खोकला लागला होता, तळघरातल्या वाफेनं छाती गेलेली. दीर कामावर. मी म्हटलं, आज ह्या बाईला मी पाहुणी करते. एक नवी पांढरी चादर आणली. माझ्या खोलीत जमिनीवर घोंगडी पसरून इस्त्री केली, अगदी जीव ओतून केली, घामानं निथळले. माझ्या पलंगावर घातली, चारी बाजूंनी खोचली. मग तिला हाक मारून खाली बोलावलं आणि म्हटलं, झोप. उठलीस की अशीच टाकून जा, घडी घालायची नाही.

ती पलंगाकडं बघत उभी राहिली. मग निजली. पाठीवर, हात दोन्ही बाजूंना, पाय जुळवलेले, जशी कोणी फोटो काढणार आहे. मी बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, झोपली. मोठ्या आनंदात होते मी, खरं सांगते.

थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. जाऊन बघते तर बाई उठलेली. चादर काढून जमिनीवर घोंगडीवर पसरलेली, माझी इस्त्री तापवलेली, आणि खोकत खोकत एका कोपऱ्यापासून सगळी पुन्हा करत होती. मी दारात उभी. तिनं वर बघितलं नाही.

“राग मानू नका ताई,” म्हणाली, “मधोमध चुणी राहिली होती. पाठीला लागत होती.”

मी पुढं झाले. दुसरं टोक धरलं आणि ताणून दिलं. तिनं ती चादर पूर्ण केली, चारपदरी घडी घातली, तळहातानं दाबली आणि माझ्या हातात दिली. मग जिना चढून वर गेली. सावकाश.